सहा मुलं, एक पडवी : घरशाळेच्या कामाच्या नोंदी

१७ जून २०२४, सोमवार

आजपासून सुरुवात. सासवडपासून आतल्या बाजूला, अंजीर-सीताफळाच्या बागेत आमचं एकत्र घर आहे. मोठ्या जाऊबाईंची तीन आणि माझी तीन, अशी सहा मुलं. शाळा का सोडली ते इथे मांडत बसत नाही. घरात बरीच मुलं आणि प्रत्येकाचं अडण्याचं ठिकाण वेगळं, अशा घरांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. मुलांची हाक मारायचीच नावं वापरते.

दादा, १५ वर्षांचा. आठवी झाली, नववीत मन उडालं. पंप उघडून बसवेल, पण धडा उघडला की डोकं बंद. ताई, १२. गोष्टी छान लिहिते, अंक आले की घाबरते. बंटी, १०. बोलण्यात हुशार, वाचताना जोडाक्षराशी थांबतो तो थांबतोच. त्याची पाठची चिऊ, ९. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून टाकते. पिंटू, ७. दोन्ही कानांना श्रवणयंत्र. छकुली, ४. तिला सगळ्यांच्यात बसायचं असतं.

शिकवणार आम्ही दोघी. माझं बीएस्सी झालंय, जाऊबाई बारावी. सासूबाई मदतीला.

पडवीत फळा टांगला. सकाळी ९ पासून ४० मिनिटांचा एक, अशा तासिका पाडल्या. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, ती उतरवून घेतली. सध्या खर्च फळा, खडू आणि वह्यांचाच.

२४ जून

तासिका बंद केल्या. आठवडाभर रोज तेच होत होतं. नऊ वाजले की सहाही जणांना एकाच वेळी मोठं माणूस हवं. बंटीच्या शेजारी बसले की ताईचं गणित अडतं. ताईकडे वळले की पिंटूला माझा चेहरा दिसत नाही, मग तो उठून जातो. छकुली सगळ्यांच्या वहीत रेघा मारते. चिऊचं काम दहा मिनिटांत उरकतं आणि ती बंटीची उत्तरं मोठ्यानं सांगते. दादा गोठ्यात.

रात्री जाऊबाई म्हणाल्या, "अगं, इयत्ता कशाला धरून बसतेस? कुणाला माणूस किती वेळ लागतं ते लिही."

तसं लिहून काढलं. बंटीला खांद्याला खांदा लावून बसणारं माणूस हवं, पण एका वेळी वीस मिनिटंच, आणि दिवसातून दोनदा. ताईला गणिताची पहिली पाच मिनिटं, नंतर एकटी करते. पिंटूला समोरासमोर, शांत जागा. चिऊला शेवटी वही बघणारं कुणीतरी. दादाला आठवड्याचं काम एकदा ठरवून दिलं की पुरे. आणि छकुलीला सगळ्यात आधी, पूर्ण वेळ.

हे शेवटचं दोनदा वाचा. घरात लहान मूल असेल तर सकाळचा पहिला अर्धा तास त्याचा. मोठ्यांचं आटपून मग तिच्याकडे बघू म्हटलं की सकाळभर ती मोठ्यांचं आटपू देत नाही. आता साडेआठला छकुलीला मांडीवर घेऊन चित्राचं पुस्तक, मग मणी ओवणं. नऊनंतर ती आपली आपण खेळते.

४ जुलै

माउलींची पालखी सासवडचा मुक्काम हलवून जेजुरीकडे गेली. पाहुणे, वारकरी, चुलीवर भाकऱ्यांचं काम. अभ्यास बंदच होता, पण ताईचं अडतं कुठे ते याच गडबडीत दिसलं.

भाकऱ्या मोजायचं काम तिच्याकडे होतं. दहा-दहाच्या चळती लावत होती, एकही चूक नाही. चार चळती आणि वर सात. मी विचारलं किती, तर म्हणाली "सत्तेचाळीस". बरोबर. मग दाराच्या चौकटीवर खडूनं लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं ७४.

तिला संख्या कळते, मोजता येते, उच्चारताही येते. ऐकलेलं नाव अंकात उतरवताना उलटं होतं, कारण नावात सात आधी आणि चाळीस मागून येतात. 'ही गणितात कच्ची' असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकावर आहे. मुळात पायरी चुकली त्या जागी तिला नेऊन कुणी बसवलंच नव्हतं.

११ जुलै

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. डॉ. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी ही पद्धत का आणली ते परोपरीनं समजावून सांगितलं होतं. तेव्हा मलाही ते विचित्रच वाटलेलं. आता घरात ताई बघितल्यावर त्यामागचा विचार पूर्ण पटतो.

आम्ही दोन्ही नावं ठेवलीत. 'चाळीस सात, सत्तेचाळीस' असं एका दमात म्हणायचं आणि लिहिताना पहिलं नाव ऐकायचं. जुनं नाव सोडून चालणार नाही. बाजारात तिला कुणी 'चाळीस सात रुपये' म्हणणार नाही.

सगळ्यात चिवट निघाले ते एकोणवाले. एकोणसाठ म्हटलं की तिच्या कानावर साठ पडतं, ती आधी ६ काढते आणि पुढे ९. म्हणजे ६९. इथे नुसतं 'पन्नास नऊ' म्हणून भागलं नाही. शेवटी साठ काड्यांच्या सहा जुड्या बांधल्या आणि एका जुडीतली एक काडी काढून घेतली. जुडी सुटली, पाच जुड्या उरल्या, नऊ सुट्या. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणऐंशी, सगळे असेच तिच्या हातानं सोडवून घेतले. नव्व्याण्णव मात्र एकोणशंभर नाही, यावर ती बराच वेळ अडून बसली होती. तिचं म्हणणं रास्त आहे.

सवय बसायला दिवाळी उजाडेल असं धरून चालले आहे.

२२ जुलै

पाऊस लागून राहिलाय. पडवीवर पत्रा आहे. त्यावर सर वाजायला लागली की पिंटूला माझा एक शब्द पोचत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण पत्र्याचाही आवाज तितकाच मोठा करतं. तो चिडून यंत्र काढून ठेवत होता आणि घरातले त्याला हट्टी म्हणत होते.

केलेले बदल असे. पिंटूचा अभ्यास स्वयंपाकघरात नेला, तिथे स्लॅब आहे. भिंतीवर दोन जुन्या गोधड्या टांगल्या, घुमणारा आवाज बराच कमी झाला. मिक्सर आणि कुकर त्याच्या अर्ध्या तासात बंद. फळा सोडून दिला, कारण फळ्याकडे वळलं की माझी पाठ होते आणि त्याला ओठ दिसत नाहीत. आता मी खिडकीकडे तोंड करून बसते, उजेड माझ्या चेहऱ्यावर पडतो, तो समोर. लिहायचं ते मांडीवरच्या पाटीवर, आणि आधी बोलायचं, मग लिहायचं. लिहिता लिहिता बोलायचं नाही.

दमट हवेत यंत्र खरखरतं. रात्री झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. बॅटरी १३ नंबरची, नारिंगी कागदाची. वरचा कागद काढला की हवा लागून ती सुरू होते, पुन्हा चिकटवून उपयोग नाही. म्हणून छकुलीच्या हाताला लागेल अशी कुठेही ठेवू नका, आणि मुख्य म्हणजे ही बॅटरी गिळली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे ती देवघराच्या वरच्या फळीवर असते. सहांचं पाकीट अडीचशेच्या आसपास पडतं.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणाची तपासणी होते. कमी उत्पन्नाच्या घरांना केंद्राच्या योजनेतून साधनं मिळतात. ज्यांना माहीत नाही त्यांनी चौकशी जरूर करावी.

५ ऑगस्ट

बंटी. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

बाराखडी तो न चुकता म्हणतो. क का कि की, अगदी सुरात. पण बोट ठेवून म्हणायला लावलं तर तोंड 'कू'वर आणि बोट 'की'वर. म्हणजे ती त्याला गाण्यासारखी पाठ आहे. जूनभर घोकून घेतली, वाचनात काडीचाही फरक नाही. घोकणं बंद.

नंतर त्याच्या चुका वहीत उतरवत गेले. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांत गोंधळ होतोच. पण खरी अडचण वेगळीच निघाली. 'किरण' लिहायला सांगितलं की 'करिण' लिहितो. पहिली वेलांटी कानाला 'क'च्या नंतर ऐकू येते आणि कागदावर 'क'च्या आधी काढायची असते. तो कानावर विश्वास ठेवून 'क' लिहून टाकतो, मग वेलांटी आठवते, ती पुढच्या अक्षराच्या आधी जाऊन बसते. रफाराचंही तसंच. 'पर्वत'मधला र म्हणायचा 'व'च्या आधी, आणि दिसतो 'व'च्या डोक्यावर. तो 'पवरत' वाचतो. त्यात चक्रातला र वेगळा, ट्रकमधला वेगळा, दऱ्यांमधला आणखी वेगळा.

उपाय असा निघाला. झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद आणले. जाड पुठ्ठ्यावर अक्षरं, प्लॅस्टिकवर लाल रंगात काना, वेलांट्या, मात्रा, रफार. बंटी आधी 'क'चं कार्ड ठेवतो आणि 'क' म्हणतो. मग वेलांटीचं प्लॅस्टिक वरून ठेवतो, 'कि' म्हणतो. हाताला ती नंतर येते, डोळ्याला आधी दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्या हातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं स्वतःहून 'विहीर' लावली, पहिली आणि दुसरी दोन्ही वेलांट्या जागच्या जागी. मोठ्यानं हाक मारून आजीला दाखवायला गेला.

भ शिकवला की म महिनाभर बाहेर काढायचा नाही. सारखी दिसणारी अक्षरं शेजारी ठेवून फरक दाखवायला गेलं की गोंधळ पक्का होतो.

धडे ए-थ्री कागदावर मोठे करून आणले, पान १५ रुपये. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापली, ती ओळीवरून सरकवत वाचतो. खालची-वरची ओळ झाकली की डोळा घसरत नाही. या पुठ्ठ्याला खर्च शून्य आणि गुण सगळ्यात जास्त.

२६ ऑगस्ट

चिऊनं बंटीला शिकवावं, असं आम्हा दोघींना वाटलं होतं. एकाला सराव, दुसरीला काम. आठवड्यात बंद करावं लागलं. वर्षानं लहान बहीण पुढे आणि आपण मागे, हे बंटीला रोज सकाळी नऊ वाजता सगळ्यांसमोर सोसायला लागत होतं. तो वाचायचाच बंद झाला.

दोघांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या. चिऊ आता दुपारी आजीला वाचून दाखवते. आजींच्या मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि त्या अर्थ विचारून विचारून चिऊचा घाम काढतात. भराभर वाचणाऱ्या मुलीला कुणीतरी मध्ये थांबवून "म्हणजे गं काय?" असं विचारणारं हवंच होतं. हुशार मुलाचीही एक गरज असते आणि मोठ्या घरात ती सगळ्यात आधी विसरली जाते. पावसाची रोजची मोजदादही तिच्याकडे दिली. सरळ उभ्या भिंतीची बरणी, आतून फूटपट्टी, सकाळी ८ ची नोंद.

२० सप्टेंबर

गणपती झाले. सजावट, आरत्या, मुंबईचे पाहुणे, दहा दिवस कुणी वही उघडली नाही, आणि उघडायला लावलंही नाही. परिणाम सगळ्यांवर सारखा झाला नाही. चिऊ आणि दादाचं काहीच बिघडलं नाही. ताई थोडी विसरली. बंटी मात्र जुलैच्या जागेवर परत गेला, रफार सगळे पुसले गेले. पुढे दिवाळी असो की लग्न, बंटीची निदान दहा मिनिटं मोडायची नाहीत असं ठरलं. बाकीच्यांना सुट्टी.

१४ ऑक्टोबर

कागदपत्रांची नोंद, रूक्ष आहे पण वाचून ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही येते. म्हणजे बंटीचं वाचन आणि ताईचं गणित 'आळस' म्हणून मोडीत काढायची सोय कायद्यानं ठेवलेली नाही. तपासणी वयाच्या आठव्या वर्षापासून होते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावरून, प्रमाणपत्र नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयातून. शाळेत नसलेल्या मुलाचा शाळेचा अहवाल कुठून आणायचा, या एका रकान्यावर आमचा अर्ज अडकला. शेवटी जुन्या वह्या, प्रगतिपुस्तकं आणि माझी चुकांची वही अशी गठडी नेली. चुकांची वही मानसशास्त्रज्ञ बाईंनी पान पान करून बघितली. ती ठेवाच, तारखा घालून.

घरात यावर वाद झाला. भाऊजींचं म्हणणं, पोराला शिक्का कशाला? जाऊबाईंनी एकच सांगितलं, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मागायचा तर हा कागद लागतो, आणि ऐन वेळी तो मिळत नाही. अर्ज गेला.

२१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान. हा आठवडा सहाही जण एकत्र शिकले. इतिहास, नागरिकशास्त्र, विज्ञान, भूगोल यांना वेगवेगळं बसवायची गरजच नाही, विषय एकच ठेवायचा आणि मागणी प्रत्येकाकडून वेगळी. २८८ जागा, बहुमताला १४५ का, हे ताईनं जुड्या बांधून काढलं. चिऊनं वर्तमानपत्रातल्या बातम्या कापल्या. बंटीनं बोलून भाषण केलं, दादानं मोबाइलवर उतरवून घेतलं. पिंटूनं शाई लावली, छकुलीनं सगळ्यांच्या बोटाला दोनदा लावली. वाचन आणि गणित एवढंच वेगळं ठेवल्यावर आमच्या दोघींचा निम्मा वेळ वाचतोय.

१२ डिसेंबर

दादाची नोंद राहिली होती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देतोय, म्हणजे एनआयओएस. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. पाच विषय, मराठी माध्यम मिळतं, पाच वर्षांत नऊ संधी, आणि गणित घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. त्यानं मराठी, विज्ञान, सामाजिक शास्त्र, डेटा एन्ट्री आणि चित्रकला घेतली. पुढे कुठे जायचंय ते आधी बघा, कारण काही अभ्यासक्रमांना दहावीचं गणित आणि इंग्रजी मागतात. दादाला शेतीच्या पदविकेचं मनात आहे, तिथली अट वाचल्यावर चित्रकला काढून गणित घालायचं ठरलं. विषय बदलण्याची धावपळ आणि त्याचं शुल्क वाया गेलं. विषय निवडायच्या आधी दोन तास हे वाचण्यात घालवले असते तर ते टळलं असतं.

२० टक्के गुण घरी लिहून द्यायच्या गृहपाठाला असतात. दादा ते लिहीना. बसून सलग लिहिणं त्याला जमतच नाही. मग तो बागेत फिरत उत्तर मोबाइलमध्ये बोलतो, संध्याकाळी तेच ऐकून स्वतःच्या हातानं उतरवतो. वेळ दुप्पट लागतो, पण वाक्यं त्याची स्वतःची असतात.

१८ फेब्रुवारी २०२५

अंजिराचा मिठा बहार सुरू. पहाटे तोडणी, सकाळी ९ ला मुलं आधीच दमलेली. अभ्यास दुपारी तीनवर नेला. बागेचा हिशेब आता ताईकडे आहे: पेटी, दर, हमाली, गाडीभाडं. मागच्या आठवड्यात आडत्याच्या पट्टीत तिला एक चूक सापडली. सत्याऐंशीच्या जागी अठ्ठ्याहत्तर धरलं होतं. तिनं पट्टी समोर धरून "ऐंशी सात" असं ठासून सांगितलं आणि फरकाचे पैसे मिळाले.

बंटी तिसरीचं पुस्तक अडखळत, पण स्वतः वाचतो. जोडाक्षराला अजून थांबतो, थांबून पुढे जातो. प्रमाणपत्राची तारीख अजून आलेली नाही.

२६ मे २०२५

दादाचे पेपर झाले. केंद्र पुण्यात, पहाटेची एसटी. गणिताचा पेपर अवघड गेला म्हणतो. राहिला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेवढाच विषय देता येतो, बाकीचे गुण टिकून राहतात.

पिंटू जूनपासून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार. त्याला मित्र हवेत, आणि ते पडवीत मिळत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यानं वयाप्रमाणे वर्गात बसवतात, त्यामुळे तिसरी. गुरुजींना भेटून आलो. शाळेवर स्लॅब आहे, पटावर मुलं कमी आहेत. खिडकीकडे तोंड करून शिकवायचं, आधी बोलून मग लिहायचं, बॅटरी कशी बदलायची, हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. गुरुजींनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला.

वर्षाचा मोठा खर्च: पुणे-मुंबईच्या तपासण्यांचा प्रवास, त्याखालोखाल दादाची शुल्कं, मग बॅटऱ्या आणि झेरॉक्स. पुस्तकांवर जवळजवळ काही नाही.

जूनसाठी ठरलेलं: बंटीसाठी दऱ्या-खोऱ्यांमधल्या र ची प्लॅस्टिकं कापायची. ताईला अपूर्णांक, पोळीऐवजी पेटीतल्या अंजिरांवर. छकुली पाच वर्षांची होतेय, तिचा साडेआठचा अर्धा तास तसाच ठेवायचा.